ब्रेन मेट जीपीए : फुकट कॅल्क्युलेटर, पाचपैकी तीन तारे

माझा धंदाच मुळी माणसं किती जगतील या हिशोबावर चालतो. नौपाड्यात एलआयसीची एजन्सी आहे माझी. नेरुळच्या वन्संना ब्रेस्ट कॅन्सर होताच, आता मेंदूतही दोन गाठी निघाल्या. भाच्याने रात्री उशिरा ‘मामी, हे बघा’ म्हणून एका कॅल्क्युलेटरची लिंक पाठवली. घरातल्या बाकीच्यांनी ती उघडून लगेच बंद केली. मी नीट वापरली. पोटात गोळा आला, तरी पुन्हा वापरली. तेव्हा ज्यांच्या घरी हीच वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते.

ब्रेन मेट म्हणजे दुसरीकडचा कॅन्सर मेंदूत पसरून झालेली गाठ. जीपीए म्हणजे ग्रेडेड प्रोग्नॉस्टिक असेसमेंट, पेशंट साधारण किती जगेल याचा अंदाज. अमेरिकेतले रेडिएशनचे डॉक्टर पॉल स्परडुटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेली गुणांची पद्धत. मूळ कॅन्सर कुठला ते निवडायचं, मग ब्रेस्टसाठी पाच गोष्टी भरायच्या. वय साठच्या आत असेल तर अर्धा गुण. मेंदूत एकच गाठ असेल तर अर्धा. मेंदूबाहेर कुठे पसरला नसेल तर अर्धा. पेशंट किती हिंडतं-फिरतं आहे त्यावर शून्य ते एक. आणि सगळ्यात जड रकाना कॅन्सरच्या जातीचा: ट्रिपल निगेटिव्हला (हार्मोनही निगेटिव्ह, हर-टूही) शून्य, हार्मोन पॉझिटिव्ह पण हर-टू निगेटिव्हला अर्धा, हर-टू पॉझिटिव्हला दीड. हर-टू म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन. बेरीज चारपैकी. एक किंवा कमी आली तर मीडियन आयुष्य (त्याचा अर्थ पुढे सांगते) सहा महिने, दीड-दोनला १३, अडीच-तीनला २४, साडेतीन-चारला ३६.

वन्सं ५७ वर्षांच्या, गाठी दोन, लिव्हरवर डाग, हर-टू पॉझिटिव्ह, हिंडण्या-फिरण्याला अर्धा गुण. बेरीज अडीच. म्हणजे २४ महिने.

त्याआधी एका डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये चालता चालता ‘तीन-चार महिने धरून चला’ असं सांगितलं होतं. हर-टूचा रिपोर्ट भाच्याच्या हातातल्या फाइलमध्येच होता, त्यांनी तो मागितलाही नाही. या कॅल्क्युलेटरला मी पहिला तारा देते तो यासाठीच. मेंदूत गेला म्हणजे सगळ्यांचं सारखंच, ही समजूत ते मोडून काढतं. सहा महिने आणि छत्तीस महिने यांत केवढा फरक आहे! एका माणसाचं कर्ज फेडून होतं तेवढ्यात.

आता ज्या रकान्याने मला सगळ्यात जास्त छळलं त्याबद्दल. हिंडण्या-फिरण्याच्या मापाला कार्नोफ्स्की स्कोअर म्हणतात. १९४० च्या दशकातलं माप आहे, शंभरपासून खाली उतरत येतं. ८० म्हणजे सगळं करते पण जोर लावून. ७० म्हणजे स्वतःचं स्वतः करते, पण नेहमीची कामं होत नाहीत. ६० म्हणजे अधूनमधून दुसऱ्याचा हात लागतो. ब्रेस्टच्या हिशोबात ७० आणि ८० ला अर्धा गुण, ६० ला शून्य. म्हणजे वन्संना ७० दिले तर २४ महिने आणि ६० दिले तर १३.

पण आपल्याकडच्या घरात हे ठरवायचं कसं? वन्सं उठायच्या आत सून चहा हातात आणून देते. आंघोळीला पाणी कुणीतरी काढून ठेवतं. जिना उतरताना भाचा दंड धरतो, गरज असो-नसो. त्यांना जमत नाही की त्यांना करू देत नाही, हे कळायला मार्ग नाही. मी एका दुपारी सगळ्यांना मुद्दाम बाहेर पाठवलं आणि पेपर वाचत बसले. वन्संनी स्वतः कणीक भिजवली, दोन पोळ्या लाटल्या, थकल्या, खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘अगं, तू काय परीक्षा घ्यायला आली आहेस का?’ सत्तर तर नक्कीच, असं मी मनात टिपलं.

शिवाय स्टेरॉइड. मेंदूभोवती सूज असते. डेक्सामेथासोन सुरू केलं की ती उतरते, आणि जी बाई भिंत धरून चालत होती ती काही दिवसांत सरळ चालायला लागते. गाठी त्याच, माणूस तोच. गोळ्यांच्या आधी भरलं तर १३, नंतर भरलं तर २४. तेव्हा हा रकाना नातेवाइकांनी भरू नये. डॉक्टरांना विचारा, आणि कुठल्या दिवसाची तब्येत धरली तेही विचारा. इथे एक तारा गेला.

वयाचं तर मला हसूच आलं. साठावा वाढदिवस ओलांडला की अर्धा गुण गायब. आमच्याकडेही बऱ्याच पॉलिसींत जवळचा वाढदिवस धरून प्रीमियम ठरतो, म्हणून मला त्याचं नवल नाही. पण तिथे थोडे रुपये वाढतात, इथे अकरा महिने कमी होऊ शकतात.

बाकी आकडा वाचायचा कसा, ते मला धंद्यामुळे सोपं गेलं. आमचा मृत्यूचा तक्ता हजारो माणसांचं चोख सांगतो. समोर सही करणाऱ्या गृहस्थांबद्दल त्याला काहीही माहीत नसतं. मीडियन २४ याचा अर्थ निम्म्या बायका त्याआधी गेल्या, निम्म्या त्यापुढे जगल्या, आणि काही खूपच पुढे. भाच्याने मात्र कॅलेंडर काढून तारीख मोजली होती. त्याला मी ओरडले.

तक्ते शिळेही होतात. आमचा आताचा तक्ता २०१२-१४ च्या आकड्यांवरचा, आधीचा २००६-०८ चा. हा ब्रेस्ट जीपीए २०२० साली सुधारला, पण त्यामागच्या २,४७३ बायकांचं निदान २००६ ते २०१७ या काळातलं. ट्युकॅटिनिब आणि ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान ही औषधं वापरात आली ती त्यानंतर. ट्युकॅटिनिबच्या चाचणीत हर-टू पॉझिटिव्ह, मेंदूत गाठी असलेल्या आणि आधीची औषधं घेऊन झालेल्या बायकांचं मीडियन आयुष्य १२.५ महिन्यांवरून २१.६ वर गेलं. म्हणजे हर-टूवाल्यांसाठी इथला आकडा थोडा मागच्या जमान्यातला आहे. उलट, औषध परवडतं का, मेडिक्लेम संपला का, असा रकानाच या फॉर्ममध्ये नाही. ठाण्या-नवी मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरात खरा प्रश्न तोच असतो. दुसरा तारा इथे गेला.

आणखी एक. हा हिशोब मेंदूत पहिल्यांदा गाठी दिसल्या त्या वेळेचा आहे. दर एमआरआयनंतर पुन्हा भरत बसण्यात अर्थ नाही. भाचा तेच करत होता.

मग उपयोग काय झाला? दुसरं मत घ्यायला खारघरला गेलो तेव्हा ‘किती दिवस?’ हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. आम्ही विचारलं: दोनच गाठी आहेत, तर नेमक्या गाठींवर रेडिएशन देता येईल का, की पूर्ण मेंदूलाच द्यावं लागेल? पूर्ण मेंदूला दिल्यावर स्मरणशक्तीला धक्का बसू शकतो, आणि दोन वर्षांचा अंदाज असलेल्या बाईला स्मरणशक्ती लागते. डॉक्टरांनी नेमक्या गाठींचाच सल्ला दिला आणि वर विचारलं की हर-टूचा रिपोर्ट छातीच्या गाठीचा आहे की लिव्हरच्या. जात बदलू शकते म्हणे, म्हणून नवी बायोप्सी. कॅल्क्युलेटरने हे विचारलं नव्हतं.

वन्संना आकडा सांगायचा की नाही यावर घरात भांडण झालं. शेवटी त्यांनीच मला धरलं. मी सांगितलं, मीडियनसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाच्याचं लग्न चैत्रातलं तुळशीच्या लग्नानंतर लगेच घ्यायला लावलं. भिशीचा हिशोबही सुनेकडे दिला, कुरकुर करत.

फॉर्म इंग्रजीत आहे. बसण्याआधी बायोप्सीचा आयएचसी रिपोर्ट (हार्मोन आणि हर-टू त्यातच असतं), मेंदूचा एमआरआय आणि पेट स्कॅन जवळ ठेवा. ‘इक्विव्होकल’, म्हणजे धड हो नाही की नाही नाही, असा हर-टू रिपोर्ट आला असेल तर फिश ही पुढची खात्रीची तपासणी होईपर्यंत भरू नका, दीड गुणाचा प्रश्न आहे. आणि रात्री अकरानंतर एकट्याने तर मुळीच उघडू नका.