तळपायावरचा पोरोमा: वरवर काढायचा की मुळासकट?

मावशीच्या तळपायाला हरभऱ्याएवढी लालसर गाठ आली, तेव्हा घरात सगळ्यांनी भोवरीच ठरवून टाकली. कॉर्नकॅप लावून झाले. गाठ तशीच, वर चप्पल घासली की रक्त. नीट पाहिलं तर गाठीभोवती खंदकासारखी गोल खाच होती. पोरोमाची ही ओळखीची खूण. घामाच्या नळीतून वाढणारी ही गाठ दुर्मीळ आहे, पण कॅन्सर नव्हे. वैद्यकीय साहित्यात ती १९५६ साली पहिल्यांदा नोंदली गेली.

गाठ वरवरची असेल तर ती खरवडून किंवा कॉटरीने जाळून काढता येते. जागेपुरती भूल, टाके नाहीत, काही आठवडे ड्रेसिंग. मूळ राहिलं तर मात्र पुन्हा उगवते. माझा खरा आक्षेप नुसत्या जाळण्याला आहे, कारण मग तपासायला काही उरतच नाही. पोरोमा दिसायला चामखिळीसारखा असू शकतो आणि रंगहीन मेलानोमा, म्हणजे कातडीचा एक घातक कॅन्सर, पोरोमासारखा. क्वचित पोरोमातूनच कॅन्सर होतो. खरवडलेला तुकडा निदान लॅबला तरी जातो.

मुळासकट काढताना भोवतीची थोडी चांगली कातडीही घेतात. पुन्हा येण्याची शक्यता यात सगळ्यांत कमी. मी हाच मार्ग सुचवेन. त्रास नंतरचा: तळपायाचे टाके दोन-तीन आठवडे ठेवतात, त्या पायावर भार द्यायचा नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने आधी घरचं बघावं. जुलैत तर ड्रेसिंग कोरडं ठेवणं हीच परीक्षा. बायोप्सीत गाठ साधी ठरली असेल तर डॉक्टरांना विचारून पावसाळ्यानंतरची तारीख घ्या. झपाट्याने वाढली किंवा चिघळली तर थांबू नका.

मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत खर्च कमी, पण केसपेपरच्या रांगेसाठी सकाळ मोडते. खाजगीत तारीख लवकर मिळते, मात्र नमुना कधीकधी आपल्यालाच पोचवावा लागतो. मावशीच्या गाठीचा नमुना असलेली फॉर्मॅलिनची डबी रुमालात गुंडाळून मी दादरच्या गर्दीतून नेली. लेबलवर वय २६ लिहिलेलं, मावशी ६२ची! लॅबच्या खिडकीतल्या मुलीने डबी सरळ परत केली. तेव्हा क्लिनिकमधून निघतानाच नाव, वय आणि कुठला पाय, हे वाचून घ्या. रिपोर्ट आला की गाठीच्या नावाइतकंच हेही बघा: कडा मोकळ्या आहेत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत गाठ पोचलेली नाही, असं लिहिलंय का?