मिकू उभीच राहत नव्हती

एका विक्रेत्याने फसवलं, एकूण 20,500 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरी मी तो तीन हप्त्यांत सांगितला आणि तिन्ही वेळा बोलणी खाल्ली.

मी ऐरोलीला राहते, नोकरी ठाण्यात, वय चाळिशीचं. छंद म्हणाल तर ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, छोट्या फिगर जमवणं आणि त्यांच्यासाठी देखावे करणं. सासूबाई त्यांना सरळ ‘बाहुल्या’ म्हणतात. मीही आता वाद घालत नाही. हे वेड भाचीमुळे लागलं, पण मूळ त्याच्या खूप आधीचं. कळव्याच्या चाळीत मी आणि दादा दिवाळीत किल्ला करायचो. पोत्यावर चिखल थापून, अळीव पेरून. महाराज सिंहासनावर, मावळे उतरणीवर आणि पायथ्याला कुठल्याही मावळ्याहून मोठी गाय. मापाची अक्कल तेव्हा नव्हती. ती आली नेंडोरॉइड हातात आल्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गुड स्माइल कंपनी नावाची जपानी कंपनी 2006 पासून या फिगर काढते. उंची साधारण 10 सेंटिमीटर, डोकं मोठं, अंग एवढंसं. चेहरा काढून दुसरा बसवता येतो, केसांचा पुढचा आणि मागचा भाग वेगळा होतो, हात बदलता येतात. बाराव्या हिश्श्याच्या मापाचं बाक-टेबल यांना बऱ्यापैकी शोभतं, त्यामुळे देखावा करणाऱ्याला या फिगर म्हणजे पर्वणी.

मला करायचा होता पावसाळ्यातला लोकलचा प्लॅटफॉर्म. जपानी स्टेशनांचे देखावे पुष्कळजण करतात. मला आपला हवा होता. फोम शीट कापून फलाट, आइस्क्रीमच्या काड्यांचा बाक, काडेपेटीच्या काड्यांवर तोललेलं छप्पर. रुळांमधल्या मातीला चहाचा चोथा. हा चोथा उन्हात चार दिवस कडकडीत वाळवावा लागतो, नाहीतर ठाण्याच्या हवेत आठवड्यात पांढरी बुरशी. (एकदा आलीये. त्या वेळी सासूबाईंचं मत ऐकून घ्यावं लागलं.) फेविकॉल पाण्यात पातळ करून ड्रॉपरने सोडायचा, डबक्यांना यूव्ही रेझिन, म्हणजे अतिनील दिव्याखाली कडक होणारा पारदर्शक द्रव. इंडिकेटरवर मी बारीक ब्रशने ‘ठाणे 7:42 धिमी’ लिहिलं, आणि बाकाचा डावा पाय जरा तिरका चिकटला तो तसाच राहू दिला. या बाकाशेजारी उभी राहणार होती हात्सुने मिकू, निळसर हिरव्या दोन लांब शेपट्यांची ती आभासी गायिका. भाचीची लाडकी.

अस्सल मिकू पाच-सहा हजारांच्या खाली मिळेना. तेव्हा एका ग्रुपवर हा विक्रेता भेटला. पंचविशीचा असेल, प्रत्येक वाक्यात ताई. 3,400 म्हणाला, जपानहून आणलेली, पण लूज, म्हणजे खोक्याशिवाय. का तर खोकी आणली की पार्सल मोठं होतं आणि कस्टमच्या डोळ्यावर येतं. पटलं मला. ठाणे स्टेशनला ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर भेटलो, संध्याकाळी साडेसहाला. त्या वेळी तिथे उभं राहायलाच कसरत करावी लागते, तर फिगर न्याहाळणार कुठे? बबल रॅपमधून हिरवे केस दिसले, पैसे पाठवले, गाडी पकडली. आता वाटतं, ती वेळ त्याने मुद्दाम निवडली होती.

घरी आणली तर मिकू उभीच राहीना. शेपट्या जड असतात, स्टँड लागतोच. पण स्टँडचा पेग पाठीच्या भोकात शिरेना. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “ताई, जपानी वस्तू घट्टच असते. हेअर ड्रायरने थोडं गरम करा.” आता हा सल्ला खोटा नाही! पीव्हीसी, म्हणजे फिगरचं प्लॅस्टिक, गरम केलं की मऊ पडतं, अडलेला सांधा असाच सोडवतात, सगळे जुने संग्राहक हेच सांगतात. मी गरम केलं. पेग आत गेला आणि दुसऱ्या दिवशी भोकाची कड फाटली. मला वाटलं, माझाच हात जड. वास येत होता, थिनरसारखा. त्यावरही उत्तर तयार: “बंद जागेत पीव्हीसी घाम सोडतं ताई, आपल्याकडची दमट हवा.” हेही अर्धं खरं आहे. अस्सल फिगरही बंद जागेत, उकाड्यात चिकट होते.

याची हातोटी हीच होती. तो थापा मारत नव्हता. छंदातली खरी माहिती चुकीच्या जागी वापरत होता. आणि मी थोडंफार वाचलेलं असल्यामुळेच फसत गेले. काहीच माहीत नसतं तर ‘पेग जात नाही, परत घे’ म्हटलं असतं.

दुसरी फिगर 3,100 ला घेतली. मग त्याने प्रीऑर्डरची यादी पाठवली: तीन फिगर आणि पार्श्वभूमीचा एक सेट, 9,800 आगाऊ, चार महिन्यांत हातात. जपानी कंपन्यांच्या प्रीऑर्डर महिनोन् महिने आधी उघडतात आणि तारखा पुढे जातात, हे या छंदात कुणालाच नवं नाही. त्यामुळे चार महिन्यांनी त्याने “कंपनीनेच तारीख पुढे ढकलली” लिहिलं तेव्हा मी ‘ओके’ आणि वर हसरा चेहरा पाठवला. कंपनीच्या साइटवर जाऊन ती तारीख बघायला दोन मिनिटं लागली असती. पुढे मी बघितली, तर यादीतल्या एका फिगरची प्रीऑर्डर तो पैसे घेत होता तेव्हा बंद होऊन गेली होती.

यूपीआयवर पैसे पाठवताना नाव दुसरंच आलं होतं. “मावसभावाचं खातं, माझी लिमिट संपली.” पडद्यावर जे नाव येतं ते बँकेतलं, म्हणजे खरं, हे मला माहीत आहे. अहो, मी दिवसभर ऑफिसात अकाउंट्सचंच काम करते! तरी दाबलं बटण.

शेवटचा हप्ता कस्टमचा. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झालं आणि 2023 मध्ये 70, हे त्याने बातमीच्या कात्रणासकट पाठवलं. कात्रण खरं होतं. “पार्सल अडकलंय, 4,200 भरावे लागतील, नाहीतर परत जाईल.” शुल्क कुरिअरवाला किंवा पोस्ट वसूल करतं, त्याची पावती असते, पार्सलला नंबर असतो. मी नंबर मागितला तर एजंटकडे आहे म्हणाला. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून मी आणखी पैसे घातले.

उलगडा झाला गणपतीत. भाची मैत्रिणीला घेऊन आली. मैत्रिणीकडे तीच मिकू होती, काकांनी टोकियोहून आणलेली, खोक्यासकट. मुलींनी हौसेने दोन्ही मिकू माझ्या फलाटावर बाकाशेजारी उभ्या केल्या. तिची उभी राहिली. पेग टक्क करून बसला, ड्रायर नाही, काही नाही. कुणी काही बोललं नाही, पण माझ्या लक्षात आलं. दिव्याखाली धरून बघितल्या. तिच्या डोळ्यातली बुबुळाची रेघ केसाएवढी बारीक आणि स्वच्छ. माझीच्या पापणीचा काळा रंग खाली ओघळलेला. तिची कातडी मंद, माझीची तेल लावल्यासारखी चकचकीत आणि नारिंगी. माझ्या शेपटीवर साच्याची शिवण नखाला लागत होती. तिच्या खोक्याच्या तळाला हक्कदार आणि कंपनी यांची बारीक ओळ छापलेली. माझ्याकडे खोकंच नव्हतं, आणि ते का नव्हतं हे तेव्हा उमजलं. भाची हळूच म्हणाली, “आत्या, ही बूटलेग आहे गं.” दुसरी फिगरही काढून बघितली. तीही तसलीच. असल्या नकली फिगर सहा-सातशेला मिळतात, हे नंतर कळलं.

मला पैशांपेक्षा त्या भोकाच्या फाटक्या कडेचा राग जास्त आला. वर्षभर मी तो माझ्या हाताचा दोष समजत होते.

त्याला फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, मग डीपी गायब. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “पैसे कधी गेले?” सगळ्यात ताजा हप्ताही दोन महिन्यांपूर्वीचा. पैसे गेल्यागेल्या फोन केला तर समोरच्या खात्यात रक्कम अडवता येते; एवढ्या दिवसांत ती तिथून हललेली असते. ती ढकललेली तारीख त्याच्या अशी उपयोगी पडली. तरी सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, स्टेशनवरच्या दोन भेटींच्या तारखा, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, चॅट, सगळं जोडलं. जुलै 2024 पासून चारशेवीस कलम उरलेलं नाही, फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं 318 लागतं. दादा म्हणाला, म्हणजे यापुढे कुणाला शिवी द्यायची तर 318 म्हणायचं का? हसू आलं, त्या दिवसातलं पहिलंच.

विसरून गेलेही असते. पण मागच्या आठवड्यात भाचीने एका दुसऱ्याच नावाच्या खात्याचा स्क्रीनशॉट पाठवला. ‘अस्सल जपानी, लूज, ठाणे-वाशी हँडओव्हर.’ खाली फोटो. पावसाळी फलाट, रेझिनची डबकी, इंडिकेटरवर ‘ठाणे 7:42 धिमी’ आणि बाकाचा डावा पाय तिरका. मीच कौतुकाने त्याला पाठवला होता तो, मिकू पाठीमागून दोऱ्याने बांधून उभी केली होती तेव्हा. नीट बघितलं तर दोरा दिसतो. हा फोटो तुम्हाला कुणी पाठवला तर पैसे पाठवू नका, तो स्क्रीनशॉट मला पाठवा, तक्रारीला जोडायचाय.