संवादाचा सराव गट: खुला ठेवावा की बंद?

अहिंसक संवादाची, म्हणजे समोरच्याला दोष न देता बोलण्या-ऐकण्याच्या पद्धतीची, चार पावलं (निरीक्षण, भावना, गरज, विनंती) अर्ध्या तासात कळतात. भांडण पेटलेलं असताना ती आठवावीत, यासाठी सराव गट लागतो. पुण्यात तो सुरू करायचा तर हॉल नंतर शोधा. आधी ठरवा की दर वेळी कोणीही यावं, की तेच नऊ जण दहा आठवडे यावेत.

खुला गट लगेच उभा राहतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला की पुरे, आणि चार जण आले नाहीत तरी अडत नाही. पण दर वेळी नवे चेहरे असले की दोन तासांतला अर्धा तास तीच चार पावलं सांगण्यात जातो आणि जुने कंटाळून गळतात. शिवाय समोर कोण बसलंय हे माहीत नसलं की गाडी बॉसच्या तक्रारींपुढे सरकत नाही. सासू, नवरा, पैसे हे विषय निघतच नाहीत. सराव तर तिथेच हवा असतो.

बंद गटात तिघातिघांची तीन त्रिकुटं करा. एक बोलतो, एक ऐकतो, तिसरा घड्याळ बघतो आणि ऐकणारा सल्ला द्यायला लागला की हात वर करतो. बारा मिनिटं बोलणं, तीन मिनिटं अभिप्राय, मग भूमिका बदलायच्या. तीन फेऱ्यांना पाऊण तास. नऊच का? तिघांनी दांडी मारली तरी दोन त्रिकुटं उरतात. सहा जणांचा गट पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी दोघांवर येतो.

बंद गटाचा मोठा फायदा भाषेत दिसतो. मराठीत 'वाटणं' मताचंही काम करतं आणि भावनेचंही. 'मला वाटतं, तू मुद्दाम केलंस' हे मत भावना म्हणून खपून जातं. 'मला डावलल्यासारखं वाटलं' हाही आरोपच. त्याखालचं दुःख किंवा एकटेपण शोधावं लागतं. 'गरज' म्हटलं की अनेकांना लाचारी आठवते. 'तुला काय हवं होतं?' विचारलं की माणूस बोलतो. या सवयी पकडायला तेच कान चार-पाच आठवडे लागतात. (टोमण्याला निरीक्षण समजणारेही कमी नाहीत. 'उजाडलं का तुमचं?' हा टोमणा. 'सातची वेळ होती, तू सव्वासातला आलास' हे निरीक्षण.)

धोका एकच: दोन-तीन आठवड्यांत एखादा गुरुजी होऊन बसतो. सूत्रसंचालन दर आठवड्याला पाळीपाळीने द्या.

ऑनलाइन गटाने वाघोली ते कोथरूडची ट्रॅफिक वाचते खरी, पण ज्याच्याशी भांडण झालं तोच शेजारच्या खोलीत असतो. त्यापेक्षा वनाझ–रामवाडी मेट्रोच्या स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा बघा.

आमचा कौल बंद गटाला. दहा आठवडे झाल्यावर महिन्यातून एक बैठक खुली ठेवा आणि पुढच्या गटाची माणसं तिथूनच निवडा. सुरुवात दिवाळी संपल्यावर करा. ऑगस्टमध्ये केलीत तर गणपतीत खंड पडतो, आणि त्यानंतर निम्मे लोक परत येत नाहीत असं धरूनच चाला.