बारा प्रश्नांची अलैंगिकता चाचणी: दवाखान्यात किती कामाची?

‘असेक्शुअ‍ॅलिटी आयडेंटिफिकेशन स्केल’, थोडक्यात एआयएस, ही माणूस अलैंगिक आहे का, म्हणजे त्याला कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटत नाही का, हे बघणारी बारा विधानांची प्रश्नावली भरायला दहा मिनिटं पुरतात आणि गुण मोजायला साधा कागद-पेन. यूल, ब्रोटो आणि गोरझाल्का या कॅनडातल्या संशोधकांनी ती 2015 साली प्रसिद्ध केली. पोरगं ‘लग्नच नको’ म्हणतंय म्हणून आईवडील त्याला सोलापुरातल्या समुपदेशकाकडे घेऊन येतात, तेव्हा ही त्याच्या हातात द्यावी का? बोलणं सुरू करायला जरूर द्यावी. निकाल द्यायला नाही.

प्रत्येक विधानाला ‘अजिबात खरं नाही’ला 1 आणि ‘पूर्ण खरं’ला 5. एकूण 12 ते 60 गुण. 40 आणि त्यापुढे अलैंगिक असण्याची शक्यता धरतात. पहिलं आणि पाचवं विधान ‘आकर्षण वाटतं’ अशा अर्थाचं असल्यामुळे ती दोन उलटी मोजायची: 1 चे 5, 2 चे 4. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. या दोन्हींपुढे 1 लिहिणाऱ्याचे खरे गुण 44 असतील, तर उलटवायला विसरल्यावर 36 भरतात आणि माणूस 40 च्या रेषेखाली जातो.

चाचणीची जमेची बाजू म्हणजे संबंध किती वेळा आले हे ती विचारतच नाही. त्यामुळे दोन मुलांची आई असलेल्या बाईलाही ती लागू पडते. स्वतःला काय म्हणवून घेता, याच्यावरही ती अवलंबून नाही.

आता इथल्या अडचणी. दोन विधानांत ‘यापुढे पुन्हा कधी’ संबंध आले नाहीत तरी चालेल, असा सूर आहे. अविवाहित तेवीस वर्षांचा मुलगा तिथे अडकतो आणि मधला 3 लिहून मोकळा होतो. संबंधांची अपेक्षा होईल असे प्रसंग टाळता का, या विधानाला घरच्या धाकात वाढलेली मुलगी सरळ 5 देते. त्यात आकर्षणाचा काही संबंध नसतो. संबंधांच्या वेळी दुखणं, नवऱ्याची जबरदस्ती, नैराश्य, नैराश्यावरची काही औषधं यांनीही गुण फुगतात. म्हणून ‘हे पहिल्यापासून असंच आहे की अलीकडे झालं?’ हे तोंडी विचारावंच लागतं. प्रेम, सोबत, संसार हवा आहे का, हे मात्र चाचणीत कुठेच नाही, आणि स्थळं बघणाऱ्या घरात नेमकं तेच कळायला हवं असतं.

सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू आणि शाळेत मराठी अशी कित्येक कुटुंबं आहेत. विधान समजलं नाही तर समुपदेशकाने सोप्या भाषेत सांगावं. शेजारी बसलेल्या मावशीने वाचून दाखवलं की तो कागद फुकट गेला.

40 ची रेषा मूळ अभ्यासात स्वतःला अलैंगिक म्हणवणाऱ्या 93 टक्के लोकांना ओळखते आणि इतरांपैकी 95 टक्क्यांना बाहेर ठेवते. आकडे झकास आहेत, पण हिशेब हजार माणसांवर मांडून बघा. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांच्या 2004 च्या शोधनिबंधात, 18,000 हून जास्त ब्रिटिश लोकांच्या पाहणीत, साधारण 1 टक्का लोकांनी आपल्याला कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही असं सांगितलं होतं. तोच दर धरला तर हजारात 10 जण. चाचणी 9 जणांना ओळखेल. उरलेल्या 990 पैकी जवळपास 50 जणही रेषेच्या वर जातील. म्हणजे वर गेलेल्या 59 जणांत खरे 9. बायोडेटाला जोडायचा दाखला म्हणून हिचा उपयोग शून्य.

रक्त तपासून ‘पक्कं’ करू म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या तपासण्यांचा उपयोग इच्छा अचानक कमी झाली असेल तर. (एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या ‘ताकदीच्या’ जाहिरातींचा कशालाच नाही.) ब्रोटो आणि यूल यांच्या 2011 च्या प्रयोगात अलैंगिक स्त्रियांच्या शरीराचा लैंगिक उत्तेजनेला मिळणारा प्रतिसाद इतर स्त्रियांसारखाच निघाला होता, यंत्राला फरक दिसत नाही. आणि 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमपुस्तकात, स्पष्ट आहे की माणूस स्वतःला अलैंगिक म्हणत असेल, तर कमी लैंगिक इच्छेच्या विकाराचं निदान करायचं नाही.

वापरायचीच असेल तर पालकांना बाहेर बसवा, दार लावा, कागदावर नाव लिहू नका. गुण आधी भरणाऱ्यालाच सांगा, आणि सज्ञान माणसाचे गुण त्याच्या परवानगीशिवाय आईवडिलांना सांगू नका, फी त्यांनी भरली असली तरी.