चांदणी लावून विकलेला शाम्पू

पुण्यात हॉलमधल्या साड्या-मसाल्यांच्या प्रदर्शनात हल्ली ‘फ्री स्काल्प टेस्ट’चा एखादा स्टॉल असतोच. तिथे माझ्या जावेच्या गळ्यात 4,800 रुपयांचा ‘तीन महिन्यांचा कोर्स’ मारला गेला. दोन बाटल्या शाम्पू आणि कॅप्सूलचा एक डबा. मी सोबत होते. तिथलं बोलणं सविस्तर सांगते, कारण हेच बोलणं उद्या तुमच्याशीही होईल.

पहिला प्रश्न, कुठे राहता? बावधन म्हटल्याबरोबर, “मग टँकरचं पाणी, मॅडम. मुळंच जळतात त्याने.” हा तीर पुण्यात सहसा हुकत नाही. वाघोली म्हणा, कोंढवा म्हणा, टँकर सगळ्यांच्या ओळखीचा. टँकरच्या क्षार जास्त असलेल्या, जड पाण्याने फेस येत नाही, केस राठ होतात, टोकाशी तुटतात, इथवर खरं आहे. मुळं वगैरे काही जळत नाहीत.

मग पेनासारखा कॅमेरा टाळूवर टेकवून स्क्रीन दाखवली. एवढं मोठं करून पाहिलं तर कुणाचीही टाळू भयानकच दिसते, थोडं तेल, थोडा कोंडा, पापुद्रे. “हे बघा, या छिद्रातून एकच केस येतोय, बाकीचे मेले.” प्रत्यक्षात एका छिद्रातून कुठे एक, कुठे दोन-तीन केस येणं हीच सगळ्यांची ठेवण असते. शेजारी लगेच ‘बिफोर-आफ्टर’ फोटो. ‘बिफोर’मध्ये ओले, चपटे केस आणि मधोमध सरळ भांग. ‘आफ्टर’मध्ये केस कोरडे, भांग नागमोडी, उजेडही वेगळा. असा चमत्कार घरच्या आरशासमोर पाच मिनिटांत होतो.

जावेने सांगितलं की पावसाळ्यात डेंग्यू झाला होता आणि दिवाळीच्या सुमारास केस पुंजक्यांनी जायला लागले. खरं तर इथे खेळ संपायला हवा होता. मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. नंतर बहुतेकांचे आपोआप परत येतात. डॉक्टर याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. म्हणजे गळती जोरात असताना किट विकायचं, ‘तीन महिन्यांत फरक’ची हमी द्यायची आणि पुढचं काम निसर्गावर सोडायचं. केस आले की श्रेय शाम्पूला. नाही आले तर “तुम्ही नियमित वापरला नाही.”

आता ती बाटली. पुढच्या बाजूला ठळक ‘98% पर्यंत कमी केसगळती’ आणि त्यापुढे एक बारीकशी चांदणी. मागे तळाशी चष्मा लावून वाचावं लागेल एवढ्या अक्षरात त्या चांदणीचा खुलासा: ‘केस तुटल्यामुळे होणारी गळती’. म्हणजे मुळापासून जाणाऱ्या केसांबद्दल कंपनी अवाक्षर काढत नाही. नवे केस येतील असंही लेबलवर कुठे नाही, ते फक्त स्टॉलवरचा मुलगा तोंडाने म्हणतो. माझ्या मते सगळी लबाडी इथे आहे. छापील मजकूर कायद्यात बसवायचा आणि खोटं बोलायला माणूस उभा करायचा.

घटकांची यादी तर याहून बोलकी. पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपाइल बीटेन, मीठ, डायमेथिकॉनॉल, सुगंध, फिनॉक्सीइथेनॉल, आणि त्याच्याही मागे कांद्याचा अर्क, बायोटिन (एक ब-जीवनसत्त्व), कॅफिन. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे शेवटी कसेही. फिनॉक्सीइथेनॉल हे टिकवण्यासाठी घालतात आणि त्याची मर्यादाच एक टक्का आहे. तेव्हा यादीत त्याच्या मागे जे जे आलं, ते टक्क्याच्या आतलं. कांदा पुढच्या चित्रात केवढा मोठा! केस दाट वाटतात ते डायमेथिकॉनॉलमुळे. ते सिलिकॉन आहे, केसाभोवती गुळगुळीत थर देतं आणि पुढच्या धुण्यात बऱ्यापैकी निघून जातं. त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी साधा कंडिशनर पुरतो.

कॅफिनयुक्त शाम्पूने केसगळती कमी होते, असा दावा करणारी जाहिरात ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने 2018 मध्ये पुराव्याअभावी थांबवली होती. टाळूला लावायच्या औषधांत ज्याच्यामागे भक्कम पुरावा आहे ते मिनॉक्सिडिल. मूळ रक्तदाबाचं औषध, अमेरिकेत टकलासाठी 1988 साली मंजूर झालेलं. ते लावून तासन् तास ठेवावं लागतं, फरक दिसायला चार-सहा महिने जातात. दोन मिनिटांत मोरीत वाहून जाणाऱ्या फेसाकडून आपण काय अपेक्षा करायची? कोंडा, खाज असेल तर कीटोकोनाझोलचा शाम्पू डॉक्टर देतात, तो वेगळा विषय.

कॅप्सूलने तर घोळच घातला. डब्यावर बायोटिन 10 मिलिग्रॅम. रोजची गरज साधारण 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे ही तीनशे पटीहून जास्त. जावेचा थायरॉइडचा रिपोर्ट आला तो टीएसएच एकदम खाली दाखवणारा, घरात सगळे घाबरले. त्वचेच्या डॉक्टर बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “बायोटिन चालू आहे का?” जास्त बायोटिनने काही पद्धतींच्या रक्ततपासण्या चुकीच्या येतात. थायरॉइडच्याच नाही, हृदयविकारात बघतात ती ट्रोपोनिनचीही. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. कॅप्सूल बंद करून पुन्हा तपासणी केली, रिपोर्ट नॉर्मल. तपासणीचे पैसे दोनदा गेले ते वेगळेच. कुणी केसांसाठी गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबला सांगा.

पैसे परत मागितले तर “उघडलेली बाटली घेत नाही.” पक्कं बिल नव्हतं, फक्त ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी, तीही जीएसटी नंबराशिवाय. यूपीआयचे पैसे कंपनीच्या नाही, कुणा माणसाच्या खात्यात गेलेले. तरी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पेमेंटचा स्क्रीनशॉट, लेबलचे फोटो आणि ‘तीन महिन्यांत नवे केस गॅरंटी’ हा त्यांचा व्हॉट्सअॅप मेसेज जोडला. हा मेसेज पुसला नव्हता म्हणून बरं. तोंडी दावा पुढे सिद्ध करता येत नाही, स्टॉलवर असं कुणी बोललं तर तिथल्या तिथे “हे मेसेजवर लिहून पाठवा” म्हणा.

मध्यंतरी जावेचे केस परत भरायला लागले, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे. तेवढ्यात स्टॉलवाल्याचाच मेसेज: “मॅडम, रिझल्ट आला ना? एक आफ्टर फोटो पाठवा, पुढच्या किटवर सूट देतो.” तिने फोटो दिला नाही, तो मेसेजही तक्रारीला जोडला.