जुन्या गाडीचं फ्युएल प्रेशर: गेज, स्कॅनर, मल्टीमीटर की सरळ नवा पंप?

चढावर गाडी दम सोडते, अॅक्सिलरेटर दाबला की गचके देते, रात्रभर उभी राहिली की बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. या तक्रारी फ्युएल प्रेशरच्या, म्हणजे पेट्रोल ज्या दाबाने इंजिनपर्यंत पोचतं त्याच्या असू शकतात, तशा इग्निशनच्याही असू शकतात. म्हणून काही उघडण्याआधी खात्री कशी करायची ते ठरवावं लागतं. वाटा चार आहेत: अंदाजाने पंप बदलणं, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि कोड वाचणारं यंत्र) लावणं, प्रेशर गेज लावणं, नाहीतर मल्टीमीटरने पंपाची वायरिंग तपासणं. माझं मत आधीच सांगून टाकतो. पेट्रोल इंजेक्शनच्या जुन्या गाडीला गेज आणि मल्टीमीटर अशी जोडीच लागते. प्रेशर कमी आहे की नाही ते गेज सांगतो. कमी का आहे, याचं उत्तर बऱ्याचदा मल्टीमीटरकडे असतं.

थेट पंप बदलणं

ही वाट सोपी वाटते, पण निघते सगळ्यात महाग. टाकीतला पंप काढायला मागची सीट उचलावी लागते, काही गाड्यांत अख्खी टाकीच उतरवावी लागते. एवढं करून नव्या पंपाला करंट मिळतो तो त्याच जुन्या रिलेतून, त्याच जुन्या कनेक्टरमधून आणि त्याच गंजलेल्या अर्थमधून (बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या जोडणीतून). फिल्टर चोक असेल तर नवा पंपही त्याच्याशीच झगडत राहतो. गेज न लावता पंप बदलावा अशी परिस्थिती मला एकच दिसते. पंपाचा आवाज येत नाही, फ्यूज शाबूत आहे आणि पंपाच्या पिनांना पुरेसा व्होल्टेज आणि पक्की अर्थ मिळूनही तो फिरत नाही. मग गेज लावून वेगळं काही कळणार नाही.

स्कॅनर

स्कॅनर स्वच्छ काम आहे, हाताला पेट्रोल लागत नाही. पण जुन्या गाड्यांत एक मोठी अडचण आहे. पोर्ट इंजेक्शनच्या (प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोल फवारणाऱ्या) बहुतेक जुन्या इंजिनांत रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, प्रेशर सेन्सरच नसतो. जे मोजलंच जात नाही ते स्कॅनर दाखवणार कुठून? तो फक्त परिणाम दाखवतो, म्हणजे फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) आणि पी०१७१सारखा 'मिश्रण लीन' (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याचा कोड.

तरी ट्रिम वाचायला शिकावंच. आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ट्रिम बराच प्लसमध्ये आणि आरपीएम वाढवल्यावर जागेवर येत असेल, तर बाहेरून हवा ओढली जात असण्याची शक्यता जास्त. उलट आयडलला ठीक आणि लोडवर १०-१५ टक्क्यांच्या वर चढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं. वाटतं एवढंच म्हणतो, कारण मळलेला एअर फ्लो सेन्सरही अगदी असंच चित्र दाखवतो. या दोघांतला फरक फक्त गेज सांगू शकतो. आणि १९९० च्या दशकाच्या मध्याआधीच्या गाड्यांना तर ओबीडी-टूचं, म्हणजे स्कॅनर जोडायचं, सॉकेटच नसतं, मग हा पर्याय उरतच नाही.

प्रेशर गेज

काही गाड्यांच्या रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखं टोक असतं, गेज सरळ त्यावर बसतो. ते नसेल तर पाइपात टी-जोड घालावा लागतो. आधी प्रेशर सोडायचं: पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. त्यानंतरही जोड उघडताना भोवती फडकं धरायचं, इंजिन थंड असू द्यायचं आणि अग्निशामक हाताशी ठेवायचा. यात सवलत नाही.

आता आकडे. रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप) असलेल्या पोर्ट इंजेक्शनला साधारण २.५ ते ३ बार (बार हे दाबाचं एकक), रिटर्न नसलेल्याला बहुधा ३.५ ते ४ बार. थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (सगळ्या सिलिंडरांसाठी थ्रॉटलपाशीच फवारणारं) १ बारच्या आसपासही चालतं. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा, कारण अर्ध्या बारच्या फरकाने निदान उलटं होऊ शकतं.

गेजचा खरा फायदा मात्र आकड्यापेक्षा काटा कसा हलतो यात आहे. गेज बसल्यावर फ्यूज परत लावून चावी ऑन केली की पंप दोनेक सेकंद घुमतो आणि काटा वर जातो. पंप थांबला की काटा थोडा खाली येऊन टिकायला हवा. तो सरसर खाली आला, तर सकाळच्या लांबलेल्या सेल्फचं कारण इथेच सापडलं. मग परत चावी ऑन करून प्रेशर चढवायचं आणि टाकीकडून येणारा रबरी पाइप दाबून बघायचा. काटा टिकला तर दोष पंपातल्या चेक व्हॉल्व्हचा (पेट्रोल मागे जाऊ न देणाऱ्या झडपेचा) किंवा टाकीतल्या जोडाचा. नाही टिकला तर त्याच्या जोडीला रिटर्नचा पाइपही दाबायचा. आता टिकला तर दोष रेग्युलेटरचा, म्हणजे प्रेशर ठरावीक ठेवणाऱ्या भागाचा. दोन्ही दाबूनही पडत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर इंजेक्टर ठिबकतोय. पाइप दाबायला गोल कडांचा क्लॅम्पच वापरायचा, आणि नायलॉनच्या पाइपाला तर हात लावायचाच नाही, तो तडकतो.

रिटर्नवाल्या गाडीत आणखी एक चाचणी मिनिटभराची आहे. इंजिन आयडलला ठेवून रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी (इंजिनची ओढ त्याच्यापर्यंत नेणारी बारीक नळी) काढायची. काटा साधारण अर्धा बार वर उडी मारतो. उडी नाही मारली तर रेग्युलेटर किंवा त्याचं व्हॅक्यूम संशयित. त्या नळीत पेट्रोलचा ओला डाग किंवा वास असेल तर रेग्युलेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) फाटलाय, पुढे तपासायचं कारणच नाही. चालू इंजिनमध्ये प्रेशर कमी असेल तर रिटर्नचा पाइप अगदी क्षणभर दाबायचा. काटा झपकन वर गेला तर पंपात जोर आहे आणि पेट्रोल रेग्युलेटरमधून निसटतंय. तसाच मरगळलेला राहिला तर पंप, फिल्टर किंवा वीजपुरवठा.

नेमकं इथे गेज थांबतो. या तिघांतला कोण, ते त्याला कळत नाही.

मल्टीमीटर

इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघायचा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर वायरिंगमध्ये कुठेतरी विरोध (रेझिस्टन्स) आहे. मग एक टोक पंपाच्या अर्थ पिनवर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर ठेवायचं. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब. पंप डिस्कनेक्ट करून हे मोजण्यात काही अर्थ नाही. लोड नसताना सडलेली वायरही पूर्ण बारा व्होल्ट दाखवते, आणि चांगले पंप उगाच बदलले जातात ते याच चुकीने. कनेक्टरचं प्लास्टिक पिनेभोवती तपकिरी पडलंय का तेही नीट बघा. तापल्याची ती खूण असते.

क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) मिळाला तर आणखी उत्तम. अशा पंपांचा करंट साधारण ४ ते ८ अँपिअरमध्ये असतो. त्याहून बराच जास्त आणि प्रेशर कमी असेल तर पंप आतून जड चाललाय किंवा पुढे फिल्टर चोक आहे. करंट कमी आणि व्होल्टेजही कमी असेल तर वायरिंग. व्होल्टेज पूर्ण असून करंट आणि प्रेशर दोन्ही कमी, तर पंप झिजला. आता मात्र खुशाल बदला.

निवड कशी करायची

कार्ब्युरेटरच्या गाडीला स्कॅनरचा प्रश्नच नाही. तिचा मेकॅनिकल पंप जेमतेम ०.२ ते ०.५ बार देतो, त्यामुळे कमी रेंजचा गेज लागतो. दहा बारच्या गेजवर काटा हललेलाही समजत नाही. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) किंवा कॉमन रेल डिझेल असेल तर हाय प्रेशर बाजूला हा गेज लावायचाच नाही. तिथलं प्रेशर शेकडो बारमध्ये असतं आणि ती धार कातडी भेदून आत जाते. ते काम सरळ गॅरेजकडे द्या.

बाकी इंजेक्शनच्या गाडीत तक्रार कायमची असेल तर आधी मल्टीमीटर, मग गेज. मल्टीमीटरला पेट्रोलची लाइन उघडावी लागत नाही, म्हणून तो आधी. तक्रार फक्त थंड इंजिनला उशिरा चालू होण्याची असेल तर थेट गेज, कारण प्रेशर टिकतं की नाही हे दुसरं कोणी दाखवत नाही. आणि गाडी उभी असताना सगळं ठीक पण चढावर दम सोडत असेल, तर लांब नळीचा गेज बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून काचेवर बाहेरच्या बाजूने पक्का बसवा आणि शेजारी कोणालातरी काटा बघायला घेऊन चढावर जा. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. लोडवर काटा आकडा सोडून खाली आला तर फिल्टर, पंप आणि वायरिंग याच क्रमाने बघा. जागेवर राहिला तर पेट्रोलचा नाद सोडा आणि कॉइल, प्लगकडे वळा.