पहिलं सेक्स टॉय मागवताना पैसे कुठे बुडतात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ही वस्तू चारचौघांत दुकानात मागायला कुणी धजत नाही. मोबाइलवर जाहिरात दिसते, ‘मूळ किंमत ४,९९९, आज फक्त ९९९’. खाली पत्ता नाही, नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर. फसवणूक तिथूनच सुरू होते.

आधी बुकिंगचे १९९ यूपीआयने भरायला सांगतात. दोन दिवसांनी ‘जीएसटी राहिला’. मग ‘प्रायव्हसी डिपॉझिट’: पार्सलवर वस्तूचं नाव येऊ नये म्हणून ७००-८००, माल मिळाला की परत. दिलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. शेवटी हिंदीतून दरडावणारा फोन येतो, ‘पार्सल कस्टममध्ये अडकलंय, आत्ता दंड भरा, नाहीतर घरी नोटीस येईल.’ हा अधिकारी नव्हे, विकणाऱ्याचाच माणूस. कस्टम किंवा पोलीस कुणाच्या यूपीआयवर दंड घेत नाहीत. गावात पोस्टमन घरच्यांना नावानिशी ओळखतो, आणि या चोरांचं सगळं भांडवल तीच भीती आहे. साधं, मजकूर नसलेलं खोकं देणं हे विकणाऱ्याचं कामच. त्याचे वेगळे पैसे मागितले की तिथेच थांबा.

कॅश ऑन डिलिव्हरीही सुरक्षित नाही. बहुतेक वेळा पैसे दिल्याशिवाय खोकं फोडू देत नाहीत, आणि आत कधी चेहऱ्याचा स्वस्त मसाजर निघतो, कधी ‘मेडिकल सिलिकॉन’च्या नावाखाली जेली पीव्हीसी. जेली ओळखणं सोपं आहे. पिशवी उघडताच नव्या रेनकोटसारखा उग्र वास येतो, बोटाला तेलकट चिकटा लागतो, आणि काही आठवड्यांत वस्तू घामेजल्यासारखी होते. या प्लास्टिकला मऊ करणारी थॅलेट्स नावाची रसायनं सुटत राहतात. वर बारीक छिद्रं असल्याने कितीही धुतलं तरी जंतू राहतात. असं काही आलं तर वापरू नका, पैसे गेले तरी चालतील. चांगल्या सिलिकॉनला वास जवळजवळ नसतो.

पहिल्यांदा घेताना साधं घ्या: बाहेरून वापरायचं छोटं बुलेट व्हायब्रेटर, किंवा आत घ्यायचं असेल तर सुमारे अडीच ते तीन सेंटीमीटर जाडीचं. गुदद्वारासाठी असेल तर बूड पसरट हवंच, नाहीतर वस्तू आत ओढली जाते आणि दवाखाना गाठावा लागतो. सिलिकॉनच्या वस्तूला पाण्यावर आधारित वंगण लावा, सिलिकॉनचं वंगण तिचा पृष्ठभाग खराब करू शकतं. आपल्याकडे हात खोबरेल तेलाकडे जातो; सोबत लॅटेक्सचा कंडोम असेल तर तेलाने तो फाटतो.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याचा पूर्ण पत्ता, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि परतीच्या अटी शोधा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार हे दाखवणं बंधनकारक आहे. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, मूळ देश आणि एमआरपी हवी. पार्सल फोडताना लेबलपासून शेवटपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडे-पलीकडे नंबर हाच. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते गोठवले जाण्याची शक्यता जास्त. चोराचं खातं दुसऱ्या राज्यात असलं म्हणून पोलीस ठाण्यातून हात हलवत परत येऊ नका, शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. कंपनी खरी पण माल भलताच असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही जाता येतं, पाच लाखांपर्यंत फी नाही.

तक्रारीत वस्तूचं बिलावरचंच नाव लिहा, जास्त वर्णनाची गरज नाही. आणि लाजेपोटी चॅट पुसू नका. बहुतेक जण पहिलं तेच करतात, आणि मग नंबर, रक्कम, धमकी, काहीच दाखवायला उरत नाही.